आज वार कोणता, मावशी?

खामगावातलं एक अस्थिरोग रुग्णालय. पहाटेचे चार वाजताहेत, वॉर्डातली ट्यूबलाइट रात्रभर चालूच आहे. मावशी कॉटवरून उठायला धडपडतेय. नांदुऱ्याजवळच्या गावी न्हाणीत पाय घसरून तिचा खुबा मोडला, परवा ऑपरेशन झालं. वय 78.

"कोठ्यातली ढोरं कोनं सोडली?" ती ओरडते आणि सलाईनची नळी ओढू लागते. कोठा रिकामा होऊन कितीतरी वर्षं झालीत. मी तिचा हात धरतो, तर ती परक्यासारखी बघते. जिच्या मांडीवर वाढलो तिला मी ओळखू येत नाही. पोटात खड्डा पडतो.

मावशीची सून, माझी वहिनी, पदराआड रडतेय. शेजारच्या कॉटजवळचे काका समजावतात, "बाहेरचं काही असंन, उतरवून घ्या." दुसरं कुणी म्हणतं, भूल डोक्यात गेली. मी सिस्टरांकडे धावतो. झोपेचं इंजेक्शन द्या म्हणतो.

"नाही देणार. त्यानं गोंधळ आणखी वाढतो, डॉक्टरांनी बजावलंय." त्या ऑक्सिजन बघतात, साखर बघतात, ताप बघतात. लघवीची पिशवी हलवून बघतात. मग विचारतात, "आजींचा चष्मा कुठाय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. ऑपरेशनला नेताना चष्मा आणि कवळी रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवलेली, त्यानंतर कुणालाच आठवण नाही. वहिनी गाठ सोडते. एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला, डाव्या भिंगावर ओरखडा. पदरानं पुसून ती चष्मा मावशीच्या डोळ्यांवर चढवते. मावशी बराच वेळ टक लावून बघते.

"तू कवा आली वं?"

आत्याबाईंनी ओळखलं, म्हणून वहिनी पुन्हा रडते.

अशा गोंधळाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही, म्हातारचळ नाही, बाधा तर नाहीच. शस्त्रक्रियेचा ताण, दुखणं, जंतुसंसर्ग, शरीरात कमी झालेलं पाणी, जागरण, काही औषधं, हे सगळं एकदम अंगावर आलं की म्हातारा मेंदू गोंधळतो. ऑपरेशन झालं आणि आमचं माणूस पूर्वीसारखं राहिलं नाही, ही घरच्यांची तक्रार ऑक्सफर्डच्या डॉ. बेडफर्ड यांनी 1955 सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. बरेचजण काही दिवसांत सावरतात. काहींची स्मरणशक्ती मात्र कायमची उणावते, म्हणूनच हे आधी टाळायला हवं. आणि ते टाळता येतं. खुबा मोडलेल्या 126 वृद्धांवरचा बोस्टनचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या डॉक्टरांनी रोज लक्ष घातलं, दुखणं, पाणी, नको असलेली औषधं, लघवीची नळी, चालणं, चष्मा, श्रवणयंत्र यांची काळजी घेतली, तेव्हा डिलिरियमचं प्रमाण 50 टक्क्यांवरून 32 वर आलं.

सात वाजता सिस्टर पडदा सारतात. खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर ऊन आलंय. डॉक्टर राउंडला येतात, लघवीची नळी काढायला सांगतात. दोघंजण धरून मावशीला खुर्चीत बसवतात. कवळी बसते, चहात बुडवलेलं बिस्कीट पोटात जातं.

"आजी, आज वार कोणता?"

मावशी विचार करते. "गुरुवार. मले विजय ग्रंथाचा अध्याय वाचाचा हाये."

शेगाव इथून जवळ, आणि गुरुवार हा तिचा गजानन महाराजांचा वार. उलटे वार म्हणायला सांगितल्यावर ती शनिवार, शुक्रवार म्हणते आणि अडकते. डॉक्टर म्हणतात, घाई नको, संध्याकाळी गोंधळ परत वाढू शकतो.

मग ते खिडकीलगतच्या बाबांकडे वळतात. बाबा दोन दिवस गप्प पडून आहेत. जेवत नाहीत, हाक मारली तर डोळे उघडून मिटतात. "लय शांत हायेत, काही तरास नाही," मुलगा सांगतो. डॉक्टर तिथंच थांबतात. हाही डिलिरियमच, फक्त ओरडत नाही म्हणून सुटून जातो.

संध्याकाळी मावशी पुन्हा ढोरांना हाका मारते, पण आता वहिनी तिचा हात हातात घेऊन बसलीय. रात्री दिवा मंद होतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन ठरलं, तर आधीपासून विसरभोळेपणा आहे का आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना सगळं सांगा. शुद्धीवर आल्या आल्या चष्मा, कवळी, कानाचं यंत्र लावा. आणि रात्री ओळखीचं एक माणूस उशाशी ठेवा.