लॅपटॉपवर चाललं, फोनवर का कोसळलं? : नेटिव्ह लायब्ररींबद्दलचे पाच गैरसमज

मिरा रोडच्या फ्लॅटमध्ये इंटेल लॅपटॉपवर तयार झालेलं अ‍ॅप उत्तनच्या कोळीवाड्यातल्या जुन्या फोनवरही उघडलं पाहिजे. अ‍ॅप कोटलिनमध्ये लिहिलेलं असलं, तरी फोटो, ऑडिओ, डेटाबेस अशी जड कामं बहुधा सी आणि सी++ मधल्या, म्हणजे ‘नेटिव्ह’ लायब्ररी करतात. आपली जोडाक्षरं पडद्यावर नीट जुळवणारी हार्फबझही सी++ मधलीच. अशी लायब्ररी एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी तयार करणं म्हणजे क्रॉस-कंपाइल करणं.

गैरसमज १ : अँड्रॉइड म्हणजे लिनक्सच, मग लॅपटॉपवरची एसओ फाइल (तयार झालेली लायब्ररी) फोनमध्ये चालेल.
वस्तुस्थिती : लॅपटॉपचा प्रोसेसर एक्स८६, बहुतेक फोनचा एआरएम, दोघांच्या सूचनाच वेगळ्या. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा प्रोसेसर एआरएम असला, तरी तिथली फाइलही सहसा चालत नाही. तिथे ग्लिबसी ही सी लायब्ररी असते, अँड्रॉइडमध्ये बायोनिक.

गैरसमज २ : एआरएमसाठी बिल्ड करायला एआरएम मशीनच हवं.
वस्तुस्थिती : गूगलच्या एनडीके या नेटिव्ह कोडसाठीच्या साधनसंचातला क्लँग कंपायलर इंटेल लॅपटॉपवरही हे काम करतो. त्याला ‘एआर्च६४-लिनक्स-अँड्रॉइड२१’ असं लक्ष्य द्यायचं. शेवटचा २१ हा एपीआय स्तर, म्हणजे किमान अँड्रॉइड ५.०. हा आकडा विनाकारण वाढवला, तर जुने फोन बाद होतात.

गैरसमज ३ : एम्युलेटरवर चाललं, म्हणजे झालं.
वस्तुस्थिती : इंटेल लॅपटॉपवरचा एम्युलेटर सहसा एक्स८६-६४ असतो. एआरएमची फाइल पॅकेजमध्ये नसेल, तर अ‍ॅप तिथे सुरळीत चालतं आणि खऱ्या फोनवर ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ देऊन बंद पडतं. एपीके झिपसारखी उघडून ‘लिब’ फोल्डर पाहा: ‘आर्म६४-व्ही८ए’ आणि ‘आर्मईएबीआय-व्ही७ए’ दोन्ही आहेत ना?

गैरसमज ४ : ३२-बिट आवृत्ती ठेवली, तर सगळ्यांचंच डाउनलोड फुगतं.
वस्तुस्थिती : अ‍ॅप बंडल दिल्यास प्ले स्टोअर प्रत्येक फोनला त्याच्यापुरत्याच फायली पाठवतं. स्वस्तातल्या अनेक फोनवर अजूनही ३२-बिट अँड्रॉइड आहे. त्यांना वगळण्यासाठी हे कारण पुरत नाही.

गैरसमज ५ : लायब्ररी एकदा तयार केली, की कायमची चिंता मिटली.
वस्तुस्थिती : १ ऑगस्ट २०१९ पासून गूगल प्लेने नेटिव्ह कोड असलेल्या अ‍ॅपना ६४-बिट आवृत्ती बंधनकारक केली. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढची आवृत्ती लक्ष्य करणाऱ्या अ‍ॅपना १६ केबी मेमरी पेजवरही चालण्याची अट आली. जुन्या एसओ फायली बहुधा ४ केबीच्या हिशेबाने जुळवलेल्या, म्हणून त्या पुन्हा लिंक कराव्या लागतात. एनडीके आर२८ पासून ही जुळणी आपोआप होते. मात्र दुसऱ्याकडून तयार घेतलेल्या लायब्ररीचा सोर्स हाताशी नसेल, तर अ‍ॅपचं अपडेट त्याच्या मर्जीवर अडतं. म्हणून लायब्ररी निवडतानाच तिचा सोर्स आणि बिल्डची कृती जपून ठेवा.