शोकातील वेदना आणि आस: मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने

प्रिय व्यक्तीच्या निधनानंतरचा शोक ही सामान्यतः एकच भावना मानली जाते. वस्तुतः तीत वियोगाची वेदना आणि गेलेल्या व्यक्तीची आस असे दोन घटक आढळतात. शोक व विकृती यांमधील सीमारेषा आखताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

शोक कितीही तीव्र असला तरी त्यास रोग मानले जात नाही, असे फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रतिपादिले. बोस्टन येथे १९४२ साली नाइट क्लबला लागलेल्या भीषण आगीत मृत्यू पावलेल्यांच्या आप्तांसह अनेक शोकग्रस्तांची पाहणी करून लिंडेमान यांनी १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणे नोंदविली. मेंदूचे कार्य प्रत्यक्ष पाहण्याचे साधन मात्र उभयतांजवळ नव्हते.

ते पुढे एफएमआरआय या चित्रणपद्धतीने उपलब्ध झाले. मेरी-फ्रान्सेस ओ'कॉनर व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाने आई वा बहीण गमावलेल्या २३ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी ११ जणींचा शोक दीर्घकाळ न ओसरणारा होता. मृताचे छायाचित्र व शोकसूचक शब्द दाखविले असता वेदनेशी संबद्ध केंद्रे दोन्ही गटांत उद्दीपित झाली. परंतु शोकसूचक शब्द पाहताना 'न्यूक्लिअस अॅक्युम्बेन्स' हे केंद्र केवळ या ११ जणींच्या गटात लक्षणीयरीत्या उद्दीपित झाले. सुखद प्राप्तीच्या अपेक्षेशी निगडित असलेल्या या केंद्राचे उद्दीपन, ज्या स्त्रीची आस अधिक, तिच्या ठिकाणी अधिक होते. मृत्यूला लोटलेल्या काळाशी त्याचा संबंध आढळला नाही.

याची एक उपपत्ती अशी की, दीर्घ सहवासाने मेंदू त्या व्यक्तीच्या भेटीची अपेक्षा करण्यास शिकलेला असतो. मृत्यूचे ज्ञान क्षणात होते. ती अपेक्षा मात्र वारंवारच्या अनुपस्थितीनेच विरत जाते. म्हणूनच मृत्यू पूर्ण ठाऊक असूनही दारात परिचित पाऊल वाजल्याचा भास होतो. ज्यांच्या ठिकाणी ही अपेक्षा टिकून राहते, त्यांचा शोक लांबतो.

तथापि, प्रयोगातील व्यक्ती थोड्या होत्या, आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात प्रदीर्घ शोकविकाराचा समावेश आहे. परंतु त्याचे निदान मेंदूच्या चित्रावरून होत नाही. किमान सहा महिन्यांचा काळ, जीवनव्यवहारातील बाधा आणि समाजाच्या रूढ मर्यादांचे उल्लंघन हे त्याचे निकष होत. वर्षश्राद्धापर्यंत शोकाला मान्यता देणाऱ्या कुटुंबांत यांपैकी शेवटचा निकष विशेष विवेकाने लावावा लागेल.