धर्मप्रचारकाचें कुटुंब देणगीदार मंडळ्यांच्या दारीं
(जडसन कुटुंबाचा अमेरिकेंतील प्रवास, इ. स. १८४५-४६)

१. मिशनरी लोकांचीं पत्रें, अहवाल व मासिकें आपण एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासाचीं साधनें म्हणून वापरतों. परंतु तीं कोणासाठीं लिहिलीं गेलीं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बखर वाचतांना ती कोणाच्या आज्ञेनें लिहिली हें आपण आधीं पाहतों. तीच कसोटी या कागदांसही लावली पाहिजे. त्यांचा पुष्कळसा भाग, ज्यांच्या वर्गणीवर मिशनचा संसार चाले, त्या दूरदेशच्या मंडळ्यांसाठीं लिहिलेला आहे. त्या मंडळ्यांची भेट घेण्यासाठीं मिशनरी कुटुंबांस जो प्रवास करावा लागे, त्याची माहिती असल्यावांचून या कागदांचा अर्थ पुरता लागत नाहीं. प्रस्तुत लेखांत ही गोष्ट अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी अडोनिराम जडसन यांच्या कुटुंबाच्या उदाहरणानें स्पष्ट करण्याचें आम्हीं योजिलें आहे. जडसन यांचें कार्यक्षेत्र ब्रह्मदेश. तथापि त्यांच्या कथेचा आरंभ मुंबईच्या मराठी मिशनच्या आरंभाशीं जोडलेला आहे.

२. ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं अमेरिकेंतील सेलम गांवीं पांच तरुणांस धर्मप्रचारकाची दीक्षा देण्यांत आली. अडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल व ल्यूथर राइस हे ते पांच. त्यांस धाडणारी संस्था अमेरिकन बोर्ड. ती मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाची. पांचही जण त्याच वर्षीं कलकत्त्यास पोंचले. हॉल व नॉट फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस आले, न्यूएल मागाहून त्यांस मिळाले. तेंच अमेरिकन मराठी मिशन. इ. स. १८१७ पासून त्याच्या छापखान्यांतून मराठी पुस्तकें निघूं लागलीं, हें संग्राहकांस विदित आहेच.

जडसन व राइस यांची वाट मात्र निराळी झाली. समुद्रप्रवासांत केलेल्या अभ्यासावरून जडसन यांचें मत असें बनलें कीं, बाप्तिस्मा तान्ह्या मुलांस द्यावयाचा नसून जाणत्या श्रद्धावंतासच, व तोही पाण्यांत बुडवून, द्यावयाचा. ता. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं कलकत्त्यास विल्यम वॉर्ड यांच्या हातून जडसन व त्यांची पत्नी ॲन यांनीं बाप्तिस्मा घेतला. राइस यांनीं नोव्हेंबरांत घेतला. हे वॉर्ड म्हणजे ज्या श्रीरामपूरच्या छापखान्यांत केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं व मराठी कोश १८१० सालीं छापला, त्याच छापखान्याचे व्यवस्थापक होत. मत बदललें, आणि त्याबरोबरच अमेरिकन बोर्डाचा आश्रय सुटला. जडसन दांपत्य व राइस यांस परमुलखांत खर्चास देणारें कोणी उरलें नाहीं.

३. येथें बॅप्टिस्ट मंडळ्यांची घटना ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडील मठांस व देवस्थानांस इनामें, वर्षासनें असत; त्यांच्या सनदा आपण दप्तरांत नेहमीं पाहतों. अमेरिकेंतील बॅप्टिस्टांत असें कांहींच नव्हतें. सरकारची नेमणूक नाहीं, मध्यवर्ती धर्माधिकारी नाहीं. प्रत्येक गांवची मंडळी स्वतंत्र. कोणा एका वरिष्ठाच्या आज्ञेनें सर्वांकडून पैसा येईल, ही सोय त्या घटनेंतच नव्हती. म्हणून प्रत्येक मंडळीस स्वतंत्रपणें गांठून मागणें, हाच एक मार्ग होता.

हें काम राइस यांनीं पत्करलें. ते १८१३ सालीं अमेरिकेस परतले. मे १८१४ मध्यें फिलाडेल्फियास निरनिराळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींची सभा भरून सर्वसाधारण मिशनरी परिषद स्थापन झाली. ती दर तीन वर्षांनीं भरे. मधल्या काळांत राइस एका घोड्याच्या हलक्या गाडींतून गांवोगांव हिंडत. १८१६-१७ या एका वर्षांत त्यांनीं सुमारें ७,८०० मैल प्रवास केला. जागोजागीं स्त्रियांनीं आठवड्यास एकेक नाणें टाकून चालविलेल्या मंडळ्या असत. बोस्टनची स्त्रियांची अशी संस्था तर १८०० सालापासूनची होती. या थेंबाथेंबानें जमलेल्या पैशावर ब्रह्मदेशांतील मिशन उभें राहिलें. राइस पुन्हा पूर्वेस आलेच नाहींत. ता. २५ सप्टेंबर १८३६ रोजीं दक्षिण कॅरोलिनांत अशाच एका फेरींत त्यांचें देहावसान झालें; आपली गाडी व घोडा स्वतः स्थापिलेल्या कॉलेजास द्यावा, असें त्यांनीं अखेरीस सांगितलें.

४. पैसा देणारास पैसा कोठें जातो हें प्रत्यक्ष पाहावेंसें वाटतें. म्हणून प्रकृतीसाठीं मायदेशीं आलेल्या मिशनरीसही विश्रांति क्वचितच मिळे. ॲन जडसन १८२२ सालीं आजारी होऊन अमेरिकेस आल्या. त्या मुक्कामांत त्यांनीं ब्रह्मी मिशनचा वृत्तांत लिहून काढला, तो १८२३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि जून १८२३ मध्यें त्या परत निघाल्या. तीन वर्षांनीं ब्रह्मदेशांत त्यांचा अंत झाला.

खुद्द जडसन यांस तेहतीस वर्षें मायदेशाचें दर्शन घडलें नाहीं. एप्रिल १८४५ मध्यें त्यांची द्वितीय पत्नी सॅरा यांची प्रकृति फार ढांसळल्यामुळें ते निघाले. तीन मोठीं मुलें, ॲबी ॲन, अडोनिराम व एल्नाथन, बरोबर घेतलीं. तीन लहान मुलगे मौलमेन येथें सहकाऱ्यांच्या घरीं ठेवले. कोशाचें काम थांबूं नये म्हणून दोन ब्रह्मी साहाय्यकही जहाजावर घेतले होते. मॉरिशसास सॅरा यांस बरें वाटूं लागलें. तेव्हां त्यांनीं मुलांसह पुढें जावें व जडसन यांनीं मागें फिरावें, असें ठरून साहाय्यकांस परत धाडलें. इतक्यांत दुखणें उलटलें व जडसन यांस पुढेंच जावें लागलें. ता. १ सप्टेंबर १८४५ रोजीं सेंट हेलेना बेटाच्या बंदरांत सॅरा यांनीं प्राण सोडला व तेथेंच त्यांस मूठमाती देण्यांत आली. मौलमेनला ठेवलेला चार्ल्स हा मुलगा त्यापूर्वीं ५ ऑगस्ट रोजींच वारला होता. आईस तें कधींच कळलें नाहीं.

५. ता. १५ ऑक्टोबर रोजीं जडसन तीन पोरक्या मुलांसह बोस्टनला उतरले. आपणांस इंग्रजींत व्याख्यान देण्याची संवय राहिली नाहीं, तरी सभांतून बोलण्याची अपेक्षा ठेवूं नये, असें त्यांनीं निघण्यापूर्वींच चालकांस कळविलें होतें. शिवाय घशाच्या विकारानें आवाज इतका बसला होता कीं, वैद्यांनीं बोलण्याची मनाईच केली होती. तथापि सभा चुकल्या नाहींत. बोस्टनच्या पहिल्याच मोठ्या सभेंत ते हलक्या आवाजांत एकेक वाक्य बोलत व शेजारी उभा असलेला धर्मोपदेशक तें मोठ्यानें सांगे. त्याच सभेंत गर्दींतून वाट काढीत एक वृद्ध गृहस्थ पुढें आले व त्यांनीं जडसन यांस आलिंगन दिलें. मुंबईहून आजारामुळें लवकरच परतलेले सॅम्युएल नॉट ते हेच. न्यूएल १८२१ सालीं मुंबईस पटकीनें गेले. हॉल १८२६ सालीं नाशिककडील फेरीवरून परततांना त्याच रोगानें गेले. राइस यांचें वर सांगितलेंच. सेलमच्या पांचांपैकीं हे दोघेच उरले होते, आणि एका संस्काराच्या मतभेदानें त्यांस वेगळें केलें होतें.

नोव्हेंबरांत न्यूयॉर्कास परिषदेची खास सभा भरली. गुलामगिरीच्या वादावरून दक्षिणेकडील मंडळ्या त्याच वर्षीच्या मे महिन्यांत फुटून निघाल्या होत्या, आणि कर्जापायीं आराकानचें ठाणें सोडून देण्याचा विचार चालला होता. तेव्हां वैद्यांची मनाई बाजूस सारून जडसन उठले व त्यांनीं त्यास विरोध केला. पुढें ते फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, रिचमंड आदि शहरीं गेले. फुटून निघालेल्या पक्षाच्या रिचमंडासही त्यांनीं भेट दिली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मागणारास दोन्ही घरें सारखींच असतात.

श्रोत्यांस मात्र दूरदेशचीं नवलें हवीं असत. एके ठिकाणीं जडसन यांनीं केवळ ख्रिस्ताच्या प्रेमाविषयीं सांगितलें, तेव्हां कांहीं गोष्ट ऐकावयास मिळाली नाहीं म्हणून लोक हिरमुसले. प्रचारक व पोषक यांच्यामधील हा ताण या सर्व वाङ्मयाच्या मुळाशीं आहे.

ता. २ जून १८४६ रोजीं जडसन यांनीं एमिली चबक या लेखिकेशीं विवाह केला. सॅरा यांचें चरित्र लिहविण्याच्या निमित्तानें हा परिचय झाला होता. ता. ११ जुलै रोजीं दोघें बोस्टनहून निघालीं. तीनही मोठीं मुलें शिक्षणासाठीं अमेरिकेंतच ठेवलीं. एप्रिल १८५० मध्यें जडसन समुद्रांतच निवर्तले. या मुलांस वडिलांचें दर्शन पुन्हा झालें नाहीं. म्हणजे जातांना धाकटीं मुलें मागें राहिलीं व येतांना मोठीं. प्रवासखर्चाच्या हिशेबांत ही बाब कोठेंही मांडलेली आढळावयाची नाहीं.

६. आतां कागदांकडे वळूं. मंडळ्यांस धाडलेलीं पत्रें बॅप्टिस्ट मासिकांत छापलीं जात, व महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या प्रार्थनासभेंत वाचलीं जात. यास्तव लिहिणाराच्या मनासमोर सभा बसलेली असे. याउलट खाजगी कागदांची गत पाहा. जून १८२४ मध्यें आवा येथें जडसन यांस अटक होतांच ॲन यांनीं राजाच्या अधिकाऱ्यांच्या हातीं लागूं नयेत म्हणून घरांतील पत्रें व रोजनिशा नाहींशा केल्या. ॲन यांच्या मृत्यूनंतरच्या विरक्तीच्या काळांत जडसन यांनीं स्वतःचे कागद नष्ट केले. त्यांत गव्हर्नर जनरलचें आभारपत्रही गेलें. वेलंड यांनीं १८५३ सालीं व मौलमेनला तान्हा ठेवलेला मुलगा एडवर्ड यानें १८८३ सालीं जीं चरित्रें लिहिलीं, त्यांस या उणिवेंतूनच वाट काढावी लागली.

तात्पर्य, जें सभेसाठीं लिहिलें तें टिकलें. जें घरासाठीं लिहिलें तें बहुतेक गेलें. उरलेल्या साधनांत धैर्य ठळक दिसतें व मुलांचा वियोग पुसट दिसतो, याचें कारण हेंच. मराठी मिशनच्या कागदांसही हाच नियम लावून पाहावा, असें आम्हांस वाटतें. एखादें मिशनरी पत्र हातीं आल्यास संग्राहकांनीं मजकुराआधीं मायना, पाठीवरचा शेरा, व छापण्यासाठीं खोडलेल्या ओळी पाहाव्या. अशा ओळी आढळल्या, तर मूळ प्रत छापील प्रतीशीं ताडून पाहिल्यावांचून बाजूस ठेवूं नये. मंडळ्यांच्या कानांवर न घातलेला मजकूर बहुधा त्या खोडींतच सांपडेल.