घोड्याच्या पायाची जुनाट सूज : उपचाराइतकीच रोजची निगा महत्त्वाची

झाशी : राणी लक्ष्मीबाईंमुळे झाशीचे नाव अश्वारोहणाशी कायमचे जोडले गेले आहे. आज उत्तर प्रदेशात घोडा दिसतो तो प्रामुख्याने टांग्याला, वीटभट्टीच्या गाडीला किंवा लग्नाच्या वरातीत. त्याचे पाय सुजले की मालकाची रोजची कमाई थांबते.

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. खालच्या भागातील रक्त आणि लसिका वर चढते ते मुख्यतः चालताना खुरांवर पडणाऱ्या दाबामुळे. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात आणि जनावर ओल्या जागी तासन्‌तास उभे राहते. त्यामुळे पायांत द्रव साचतो. साधी सूज फिरवल्यावर उतरते. मात्र चिखलाने भिजलेल्या त्वचेला वारंवार जंतुसंसर्ग झाल्यास लसिकावाहिन्या निकामी होऊ लागतात, त्वचा जाड होते, तिला घड्या पडतात आणि त्या घड्यांत पुन्हा जंतू वाढतात.

शायर, क्लाइड्सडेल आणि बेल्जियन या अवजड युरोपीय जातींमध्ये हा विकार वाढत जाणाऱ्या स्वरूपात आढळतो. तो पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. पायांवरील दाट केसांत लपणारे खरजेचे सूक्ष्म किडे तेथे त्रास वाढवतात. आपल्याकडील घोड्यांच्या पायांवर असे केस नसतात. येथे ओल, माश्या आणि जखमा ही मोठी कारणे ठरतात. माश्यांमार्फत जखमेत शिरणाऱ्या कृमींच्या अळ्यांमुळे चिघळणारे व्रण ‘बरसाती’ या नावानेच ओळखले जातात.

निगा राखण्याचे नियम सोपे आहेत. जागा कोरडी ठेवावी. पाय धुतल्यावर, विशेषतः खुरामागील खोबण, पूर्ण कोरडी करावी. काम नसतानाही घोड्याला रोज फिरवावे. खूर वेळेवर कापून घ्यावेत. काम बंद असताना चंदी कमी करून चाऱ्यावर भर द्यावा. पट्टी बांधायची ती स्वच्छ, कोरड्या पायावर, आत कापसाचा थर देऊन आणि सर्वत्र सारख्या दाबाने; आवळून बांधलेली पट्टी रक्तप्रवाह रोखते. किड्यांवरील औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

प्रत्येक सूज मात्र घरगुती निगेची नसते. पायावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी येऊन फुटत असतील, नाकातून चिकट स्राव वाहत असेल, तर ‘ग्लँडर्स’ची शंका घ्यावी. त्याच्या त्वचेवरील रूपाला ‘फार्सी’ म्हणतात. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. त्यावर लस नाही. अशा पायाला उघड्या हाताने स्पर्श करू नये, चोळू नये. जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखान्याला तातडीने कळवावे. रक्तनमुन्यांच्या तपासणीसाठी हरियाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे.

या रोगासाठी भारतात 1899 मध्येच स्वतंत्र कायदा झाला होता. आता 2009 चा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीचा कायदा लागू आहे. बाधित जनावराला दयामरण दिले जाते आणि मालकासाठी शासकीय भरपाईची तरतूद आहे. घोडा गमावण्याच्या भीतीने अनेकदा आजार लपवण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे तबेल्यातील इतर घोडे आणि त्यांची देखभाल करणारे कुटुंब, दोन्ही धोक्यात येतात.