विश्लेषण : मेमरी शिल्लक असूनही संगणक ‘जागा नाही’ का म्हणतो?

संगणकात भरपूर मेमरी मोकळी दिसत असतानाही एखाद्या प्रोग्रॅमची मागणी फेटाळली जाते. जागा असते, पण सलग नसते. अँड्रॉइड फोनपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत वापरल्या जाणाऱ्या लिनक्स कर्नलने यावर शोधलेला उपाय म्हणजे हलवता येणारी, अर्थात ‘मूव्हेबल’ मेमरी. तिचे नियम काय आणि ते लिहून ठेवणे का गरजेचे?

सलग जागेची अडचण काय?

कर्नल मेमरीचे लहान तुकडे पाडतो. त्यांना ‘पेज’ म्हणतात. बहुतेक संगणकांत एक पेज ४ केबीचे असते. वेग वाढवण्यासाठी २ एमबीचे ‘ह्यूज पेज’ हवे असेल, तर अशी ५१२ पेजेस शेजारी-शेजारी मोकळी लागतात. एसटीत दहा सीट रिकाम्या, पण विखुरलेल्या असतील, तर चौघांच्या कुटुंबाला एकत्र बसता येत नाही. मग कंडक्टर एकट्या प्रवाशांना सरकायला सांगतो. कर्नलही तेच करतो.

कोणती पेजेस हलतात?

प्रोग्रॅमला खरा पत्ता ठाऊक नसतो. तो आभासी पत्ता वापरतो. त्यामुळे मजकूर दुसरीकडे नेऊन कर्नलने आपल्या कोष्टकातील नोंद बदलली, की प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. हलवाहलव सुरू असताना तो त्याच पेजकडे आला, तर क्षणभर थांबवला जातो. कर्नलची स्वतःची बहुतांश मेमरी मात्र हलत नाही, कारण तिचे पत्ते ठिकठिकाणी थेट नोंदलेले असतात. बसमधल्या चालकाच्या सीटसारखेच हे!

व्यवस्था कशी उभी राहिली?

पेज स्थलांतराची सोय २००६ मध्ये आली. २००७ मध्ये मेल गोरमन यांच्या कामातून ‘झोन मूव्हेबल’ हा राखीव विभाग कर्नलमध्ये समाविष्ट झाला. २०१० मध्ये ‘कॉम्पॅक्शन’ आले. यात एक शोध खालून वर हलवण्याजोगी पेजेस टिपतो, दुसरा वरून खाली मोकळ्या जागा शोधतो; दोघे भेटले की फेरी संपते. फोनच्या कॅमेऱ्यासारख्या उपकरणांना मोठी सलग जागा देणारी ‘सीएमए’ यंत्रणा २०१२ मध्ये दाखल झाली.

दस्तावेजीकरण का महत्त्वाचे?

ही यंत्रणा परस्परविश्वासावर चालते. एखाद्या ड्रायव्हरने ‘हलेल’ म्हणून घेतलेले पेज दीर्घकाळ ‘पिन’ करून, म्हणजे जागीच खिळवून ठेवले, तर आसपासची सगळी जागा अडते. चालू सर्व्हरमधून मेमरीचा भाग काढून घेण्याचे कामही त्या एका पेजपायी अडकू शकते. म्हणूनच दीर्घकाळ खिळवायचे पेज आधी राखीव विभागाबाहेर न्यावे, असा नियम आहे. कोडसोबतच ठेवलेल्या कर्नलच्या दस्तावेजांत असे नियम, अपवाद आणि धोके नोंदवलेले असतात.

मग सगळी मेमरी ‘मूव्हेबल’ का नाही?

कारण कर्नलच्या न हलणाऱ्या गरजा या विभागातून भागवता येत नाहीत. प्रोग्रॅम वाढले की त्यांच्या पत्त्यांची कोष्टकेही वाढतात. राखीव विभाग फार मोठा ठेवला, तर तिथे जागा पडून असतानाही कर्नलची मेमरी संपते आणि प्रोग्रॅम बंद पाडण्याची वेळ येते. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे प्रमाण आपल्या कामाचे स्वरूप पाहूनच ठरवावे लागते. त्याने दस्तावेज वाचलेले नसतील, तर ज्या अडचणीवर हा उपाय शोधला गेला, तीच पुन्हा समोर उभी राहते.