दोघींचे पार्लर, एक करारपत्र



देवरी, सालेकसा या भागांतल्या आपल्या गोंड आणि हलबा मुलींपैकी काही जणी ब्युटी पार्लरचे काम शिकून माझ्याकडे सल्ल्याला येतात. एकटीला दुकान झेपत नाही, म्हणून दोघी मिळून सुरू करायचे ठरवतात. एकीकडे थोडे पैसे असतात, दुसरीच्या हाताला काम असते. जोडी चांगली जमते. मी मात्र पहिला प्रश्न विचारते, "उद्या तुमच्यापैकी एकीचे लग्न होऊन ती दूरच्या गावी गेली, तर खुर्ची-आरसा कोणाचा आणि कर्ज कोणाचे?"

"आमच्यात तसं काही होणार नाही, ताई," असे उत्तर येते. पण करार नसेल, तर भारतीय भागीदारी कायदा, १९३२ मधले सर्वसाधारण नियम लागू होतात. नफा आणि तोटा दोघींत सारखा वाटला जातो. कामाचा वेगळा मोबदला मिळत नाही आणि गुंतवलेल्या पैशावर व्याजही मिळत नाही. म्हणजे एक दिवसभर राबली आणि दुसरी आठवड्यातून तीनच दिवस आली, तरी वाटा सारखाच.

समजण्यासाठी आकडे घेऊ. पहिलीने ६०,००० रुपये घातले, दुसरीने २०,०००. महिन्याची कमाई २४,००० झाली. भाडे, वीज व सामानाचे ९,००० गेले, १५,००० उरले. करार नसेल तर प्रत्येकीला ७,५००. आता करार असा करा : आधी कामाची मजुरी, दिवसाला ३०० रुपये. दुसरीचे २६ दिवस म्हणजे ७,८००, पहिलीचे १३ दिवस म्हणजे ३,९००. उरलेल्या ३,३०० पैकी १,३०० दुकानाच्या गल्ल्यात ठेवा आणि २,००० भांडवलाच्या प्रमाणात वाटा : पहिलीला १,५००, दुसरीला ५००. पहिलीच्या हाती ५,४००, दुसरीच्या हाती ८,३००. श्रमालाही मान आणि पैशालाही.

गल्ल्यातली शिल्लक विसरू नका. लग्नसराईत नवरीच्या मेकअपला आणि मेहंदीला गर्दी असते. धानाच्या रोवणीत बायका शेतात असतात आणि पार्लर रिकामे राहते. भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते.

दुसरी गोष्ट उधारीची. भागीदारीच्या धंद्यासाठी एकीने व्यापाऱ्याकडून उधार माल आणला, तर पूर्ण रक्कम दोघींपैकी कोणाकडूनही वसूल होऊ शकते. म्हणून ठरावीक रकमेपुढची खरेदी आणि कोणतेही कर्ज दोघींच्या सहीनेच होईल, असे लिहा. बँक खातेही दोघींच्या सहीचे ठेवा आणि रोजची वही दोघींनी पाहावी.

तिसरी गोष्ट वेगळे होण्याची. किती महिने आधी सांगायचे, सामानाची किंमत कोण ठरवणार आणि पैसे किती हप्त्यांत द्यायचे, हे सुरुवातीलाच लिहा. तेव्हा मन मोकळे असते. भांडण झाल्यावर कोणी मोकळेपणाने लिहीत नाही.

करार मुद्रांकावर करून भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंदवता येते. नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून आलेल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर सहसा दावा लावता येत नाही.

भांडवलासाठी सावकाराच्या दारात जाण्याआधी बँकेत मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटाची चौकशी करा. त्यात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारण न ठेवता मिळते. आदिवासी भगिनींनी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या महिला योजनेचीही माहिती घ्यावी. देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही विचारावे.

आपल्याकडून एक मदत हवी आहे. पार्लरची खुर्ची किंवा हेअर ड्रायर देणारे हात पुष्कळ आहेत, देवाचे आभार. पण मंडळीत कोणी वकील, हिशेबनीस किंवा बँकेतून निवृत्त झालेले असतील, तर त्यांनी एका जोडीसोबत दोन तास बसून हा कागद तयार करून द्यावा. खुर्ची मोडली तर दुरुस्त होते. हिशेबावरून मोडलेली मैत्रीण परत मिळवणे फार कठीण असते, आणि छोट्या गावात दोघींना रोज एकाच रस्त्याने जावे लागते.