माळ्यावरची जुनी पेटी विकायला काढताय? आधी तिच्या पोटात काय आहे ते बघा

गणपती जवळ आले की कोकणात दोन गोष्टी हमखास होतात. चाकरमानी गावाला येतात आणि घरांची साफसफाई निघते. या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली येतं! तांब्याचे हंडे, फुटके कंदील, आजोबांची ट्रंक. आणि सिंधुदुर्गातल्या बऱ्याच घरांत याच सामानात एक पेटी असते. पेटी म्हणजे अर्थातच हार्मोनियम.

भाता फाटलेला असतो, दोन-चार पट्ट्या बसलेल्या असतात, उंदराने कापड कुरतडलेलं असतं. वाजवणारे बुवा कधीच गेलेले असतात. मग कोणीतरी फोटो काढून फेसबुकच्या खरेदी-विक्री ग्रुपवर टाकतं, "जुनी अँटिक पेटी, योग्य किंमत आल्यास देणे आहे."

आता मुद्दा असा, की योग्य किंमत म्हणजे किती? आणि ती ठरवायची कोणी? बहुतेक वेळा ती घेणारा ठरवतो, कारण त्याला एक गोष्ट माहीत असते जी विकणाऱ्याला माहीत नसते. आपण विकत असतो लाकडी खोका, आणि तो विकत घेत असतो आतल्या रीड्स.

तीच गोष्ट आज समजून घेऊया.

सिंधुदुर्गात इतक्या पेट्या आल्या कुठून?

कणकवली तालुक्यातलं तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरचं नाक्याचं गाव. इथून एक रस्ता विजयदुर्गला समुद्राकडे जातो, दुसरा वैभववाडी-गगनबावडा करत घाटावर कोल्हापूरला. या सगळ्या पट्ट्यात वाडीवाडीत भजनी मंडळं आहेत. डबलबारीला इथे रात्र-रात्र गर्दी होते. दशावतारात पखवाज आणि झांजेच्या जोडीला पेटी लागतेच. त्यामुळे पेटी ही इथे हौसेची नाही, कामाची वस्तू आहे.

वाद्य मात्र मूळचं परदेशी. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबां याने 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायचं होतं. आपल्याकडे गवई जमिनीवर मांडी घालून बसणार. म्हणून 19व्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने हाताने भाता मारायची पेटी लोकप्रिय केली. पुढे संगीत नाटकांनी आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला महाराष्ट्रात मान मिळवून दिला.

1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. पण त्या काळातही गावच्या देवळात पेटी वाजतच राहिली.

मग किंमत नेमकी कशात असते?

भात्याची हवा ज्या पितळी जिभेला थरथरवते आणि सूर निघतो, ती रीड. पितळेच्या छोट्या पट्टीवर रिव्हेट मारून बसवलेली ही जीभ असते. साध्या पेटीला 39 किंवा 42 पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीमागे एक रीड असेल तर सिंगल, दोन असतील तर डबल, तीन असतील तर ट्रिपल. म्हणजे 42 पट्ट्यांच्या डबल रीड पेटीत 84 रीड्स होतात. त्यात एक ओळ खर्जाची आणि एक नराची, असं पेटीवाले सांगतात.

लाकूड बदलता येतं, भाता नवा होतो, पट्ट्या नव्या बसतात. पण आवाजाचा पोत ठरतो मुख्यतः रीड्सवर आणि त्या जुळवणाऱ्या कारागिराच्या हातावर. जुन्या पेट्यांत साधारण तीन प्रकारच्या रीड्सची नावं ऐकू येतात : पॅरिस, जर्मन आणि पालिताणा. पहिल्या दोन परदेशातून यायच्या, जर्मन रीड्समध्ये 'जुबिलेट' हे नाव जाणकारांत खास मानलं जातं. परदेशी माल मिळेनासा झाला तेव्हा गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या पालिताणा इथल्या रीड्सनी ती जागा भरून काढली. चांगल्या जुन्या पालिताणा रीड्सनाही आज मागणी आहे.

युकुलेले हे हवाईचं छोटं तंतुवाद्य. अमेरिकेत जुन्या युकुलेलेची पारख करताना बनवणाऱ्याचा शिक्का आणि लाकूड आधी बघतात. पेटीच्या बाबतीत बाहेरच्या नावावर इतका भरवसा ठेवता येत नाही. कारण पेटी अनेकदा उघडली जाते, दुरुस्त होते आणि तिचे भाग बदलले जातात. बाहेर कलकत्त्याचं नाव आणि आत कालपरवाच्या रीड्स, असं होऊ शकतं. उलट नाव पुसलेल्या खोक्यात अख्खा जर्मन संच असू शकतो.

पेटी किती जुनी, हे कसं ओळखायचं?

"पणजोबांच्या वेळची आहे" हा पुरावा नाही. पण काही खुणा खोटं बोलत नाहीत.

*पत्ता वाचा.* कंपनीच्या पट्टीवर सहा आकडी पिन कोड असेल तर ती पट्टी 15 ऑगस्ट 1972 नंतरची आहे, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. 'बॉम्बे 4' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर पट्टी बहुधा त्याआधीची. 'मुंबई' हे इंग्रजीत लिहिलेलं असेल तर ते 1995 नंतरचं असण्याचीच शक्यता जास्त, आणि 'कोलकाता' असेल तर 2001 नंतरचं.

*देशाचं नाव बघा.* एखाद्या भागावर 'वेस्ट जर्मनी' असा छाप असेल तर तो 1949 ते 1990 यांमधला. नुसतं 'जर्मनी' असेल तर जुना असू शकतो, पण तेवढ्यावर पैज लावू नका.

*पावती शोधा.* ट्रंकेत, पोथीत, जुन्या वहीत पेटीची पावती असते. किंमत रुपये-आण्यांत असेल तर ती साधारण 1957 च्या आधीची, कारण त्या वर्षी 1 एप्रिलला दशमान नाणी आली. 'नये पैसे' लिहिलं असेल तर 1957 ते 1964.

*सूर तपासा.* मोबाइलवर ट्यूनरचं कोणतंही फुकट अॅप घ्या. मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजवा. आजच्या मापाने ती 440 हर्ट्झ दाखवायला हवी, खर्जाची रीड पकडली तर 220. फ्रान्सने 1859 मध्ये हा सूर 435 वर ठरवला होता. तुमची सगळी पेटी सारखीच 435 च्या आसपास बोलत असेल तर ती जुन्या मापाची असण्याची शक्यता वाढते. पण दहा पट्ट्या एका बाजूला आणि दहा दुसऱ्या, असं असेल तर ती फक्त बेसूर झाली आहे.

एक लक्षात ठेवा. या खुणा पट्टीचं, पावतीचं किंवा त्या एका भागाचं वय सांगतात. बाकीची पेटी तेवढीच जुनी आहे का, हे उघडूनच कळतं.

उघडल्यावर काय बघायचं?

स्वतः स्क्रू काढायला बसू नका. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, पण पेटी त्याच्याकडे सोडून येऊ नका. समोर बसा आणि आतले फोटो काढा. उद्या 'आत हेच होतं का' असा प्रश्न आला तर हे फोटोच कामाला येतील.

या पाच गोष्टी विचारा :

1. सगळ्या रीड्स एकाच बनावटीच्या आहेत का? छाप, पितळेचा रंग आणि पट्टीचा आकार सारखा हवा. अखंड संचाला किंमत जास्त, मिसळीला कमी.
2. स्क्रूच्या खाचा कशा आहेत? जुन्या काळपट स्क्रूंमध्ये चार चकचकीत दिसले तर तिथे हात फिरलेला आहे.
3. रीडच्या जिभेवर कानशीचे ओरखडे किती? सूर चढवायला टोकाकडे घासतात, उतरवायला मुळाकडे. वारंवार घासलेली रीड कमजोर होते आणि एक दिवस तुटते.
4. रीड्स ज्या फळीवर बसवतात तिला चीर किंवा वाळवी आहे का? भाता बदलणं सोपं, ही फळी बदलणं म्हणजे जवळपास नवी पेटी करणं.
5. हवा कुठे गळते? भाता भरा, एकही पट्टी दाबू नका. भाता लगेच खाली बसला तर गळती आहे. ही दुरुस्त होते, पण खर्च धरावा लागतो.

आणि हो, पेटी 'चमकवून' विकायच्या नादात रीड्स चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. पितळ उजळेल, सूर मात्र बिघडेल.

किंमत काढायची कशी?

सोपं गणित आहे. समजा, तुमच्यासारखी म्हणजे तेवढ्याच पट्ट्यांची डबल रीड नवी पेटी दुकानात 30,000 रुपयांना मिळते. तुमची पेटी वाजती करायला दुरुस्तीवाला 9,000 सांगतो. मग वाजवायचं वाद्य म्हणून तिची पायाभूत किंमत 21,000 च्या आसपास धरायची. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, खरे आकडे तुम्ही दोन दुकानांत विचारून टाका.

यात वर काय चढतं? अखंड जुना परदेशी किंवा उत्तम पालिताणा संच, मूळ लाकूड, नामवंत कारागिराचं काम. आणि पेटी कोणी वाजवली याचा पुरावा. 'अमुक बुवांची पेटी' हे नुसतं सांगून चालत नाही. बुवा तीच पेटी घेऊन बसलेत असा फोटो, मंडळाच्या वहीतली नोंद, पावती, यातलं काहीतरी हवं.

खाली काय येतं? मिसळ रीड्स, फुटलेली फळी, वरून मारलेला ऑइलपेंट. वय मात्र एकटं काहीच वाढवत नाही. 80 वर्षांची हलकी पेटी ही हलकीच पेटी असते.

अजून एक. भर पावसात किंमत करू नका. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, कातडं सैल पडतं. म्हणजे गणपतीत, जेव्हा सगळे भाऊ गावात असतात आणि 'आत्ताच निकाल लावू' असं ठरतं, तेव्हाच पेटी सगळ्यात वाईट वाजत असते. दिवाळीपर्यंत थांबा. उन्हं पडली की तीच पेटी वेगळी बोलते.

विकण्याआधी कायद्याचं काय?

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून नीट वाचा.

जुन्या उंची वाद्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर कधीकधी हस्तिदंत लावलेलं असतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 1986 आणि 1991 मध्ये दुरुस्त्या होऊन भारतात हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद झाला, आफ्रिकी हस्तिदंताचाही. त्यामुळे 'हस्तिदंती पट्ट्यांची पेटी विकणे आहे' अशी पोस्ट म्हणजे स्वतःहून अडचणीत येणं. बहुतेक पेट्यांवर सेल्युलॉइड किंवा हाड असतं. हाडावर भिंगातून बारीक काळे ठिपके दिसतात, सेल्युलॉइड एकसारखं गुळगुळीत असतं. शंका असेल तर आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा. तापवलेली सुई टोचून बघायची युक्ती व्हिडिओंमध्ये दाखवतात, ती अजिबात करू नका. सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

दुसरं, 100 वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून दुबईच्या किंवा लंडनच्या नातेवाइकाला पेटी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

तिसरं, ऑनलाइन विकताना कोणी म्हणालं, "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा," तर तिथेच थांबा. पैसे मिळवण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

आणि विकलीच नाही तर?

हाही पर्याय आहेच. कधीकधी हिशोब असा निघतो, की भाता आणि कापड बदललं की पेटी पुढची कित्येक वर्षं वाजेल, आणि विकून येणारे पैसे चार भावांत वाटले तर हाती काहीच उरत नाही. वाडीतल्या मंडळात पेटी शिकणारं एखादं पोर असतंच. त्याला ती पेटी वापरायला द्या, मालकी घराकडे ठेवा, आणि तसं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

विका किंवा ठेवा, निर्णय तुमचा. फक्त पेटी दारातून बाहेर जाण्याआधी एकदा उघडून बघा. आतल्या रीड्सचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असले, तर किंमत ठरवताना समोरच्याइतकंच तुम्हालाही माहीत असेल.